अध्ययन-अक्षम मुलांच्या जीवनाची प्रत : मोजमाप कशाचे आणि कशासाठी?

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत बालविकास विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाची संहिता)



वार्षिक अहवालात आमच्या विभागाच्या वाट्याला दरवर्षी एक तक्ता येतो. किती मुले तपासली, किती मुलांची बुद्धिमापन चाचणी झाली, किती मुलांना प्रमाणपत्रासाठी शासकीय केंद्राकडे पाठविले, किती मुलांनी उपचारात्मक शिक्षणाचे सत्र पूर्ण केले. असा तक्ता असावाच. समाजाच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेला हिशेब द्यावाच लागतो. परंतु आज आपण आम्हांस बोलण्याची संधी दिली आहे, तेव्हा त्या तक्त्यात न मावणाऱ्या एका प्रश्नाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. आमच्याकडे येणारे मूल जगते कसे, आणि ते मोजता येते काय, हा तो प्रश्न.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ या संज्ञेसाठी मराठीत सर्रास ‘जीवनमान’ हा शब्द योजला जातो. तो आम्हांस पटत नाही. जीवनमान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पगार, घर, पाण्याची सोय, महागाई या गोष्टी उभ्या राहतात. उत्तम जीवनमान असलेल्या घरातील मूल दुःखी असू शकते आणि एका खोलीत सहा माणसांसह राहणारे मूल मजेत असू शकते, हे आपण सारेच जाणतो. म्हणून आम्ही ‘जीवनाची प्रत’ असे म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेने आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, तर शारीरिक, मानसिक व सामाजिक स्वास्थ्य होय, असे मानले. पुढे १९९० नंतरच्या दशकात याच संघटनेने जीवनाच्या प्रतीची व्याख्या केली. तिचा आशय असा की, माणूस ज्या संस्कृतीत आणि ज्या मूल्यांत वाढतो त्यांच्या संदर्भात, आपली ध्येये, अपेक्षा आणि चिंता यांच्या प्रकाशात, तो स्वतः आपल्या आयुष्यातील स्थानाकडे कसा पाहतो, ती त्याच्या जीवनाची प्रत. या व्याख्येतील ‘तो स्वतः’ या दोन शब्दांवर आजच्या आमच्या सगळ्या विवेचनाचा भार आहे.

आता मुलांविषयी. अध्ययन अक्षमता असलेले मूल म्हणजे बुद्धीने कमी असलेले मूल नव्हे, हे वारंवार सांगावे लागते. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक, डोळे-कान ठीक, शाळेत नियमित जाणे, घरी लक्ष देणारी माणसे, आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एका वा अधिक कौशल्यांत मूल वयाच्या मानाने फार मागे राहते. वाचनाच्या अडचणीस डिस्लेक्सिया, लेखनाच्या डिस्ग्राफिया आणि गणिताच्या डिस्कॅल्क्युलिया असे म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या निदानपुस्तिकेनुसार शाळकरी वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ५ ते १५ टक्के इतके असते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात किमान तीन. ती मुले कोण, हे वर्गातील इतर सत्तावन्न मुलांना बहुधा ठाऊक असते. शिक्षकांना असेलच असे नाही. २००७ साली ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला, तेव्हा हा विषय प्रथमच घराघरांत बोलला गेला. त्या चित्रपटाने एक काम फार चांगले केले : मुलाला काय येत नाही, याच्याबरोबरच त्याला काय वाटते, हे पडद्यावर आणले.

मोजमापाची आपल्याकडील परंपरा तशी जुनी आहे. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तयार केलेल्या बुद्धिमापन चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी रूपांतर व. वि. कामत यांनी १९३४ च्या सुमारास केले. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही ओळखली जाते. वेक्सलर यांच्या चाचणीचे भारतीय मुलांसाठीचे रूपांतर १९६९ साली डॉ. मालिन यांनी केले, तेही नागपुरात. पुढे महाराष्ट्र शासनाने १९९६ साली अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती देण्यास आरंभ केला. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत तिला स्थान मिळाले. मराठीतून वाचनदोष तपासण्यासाठी आता हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेल्या चाचण्याही उपलब्ध आहेत. एका पिढीच्या काळात झालेली ही वाटचाल थोडी नाही.

मात्र ही सारी मापे एकाच दिशेची आहेत. मुलाला काय येते आणि काय येत नाही, एवढेच ती सांगतात. बुद्ध्यंक १०४, वाचनाची पातळी दुसरीची, प्रत्यक्ष इयत्ता पाचवी : या तीन आकड्यांवरून निदान होते, प्रमाणपत्र मिळते, सवलत मिळते. परंतु मधल्या सुट्टीत ते मूल कोणाबरोबर डबा खाते, हे त्यांतून कळत नाही. निदानासाठी थांबावे लागते, हाही एक भाग आहे. अध्ययन अक्षमतेचे निश्चित निदान साधारणपणे तिसरीच्या, म्हणजे आठ वर्षांच्या आसपास करता येते. त्यापूर्वी मूल केवळ उशिरा शिकणारे असण्याची शक्यता उरते. मुलाला मात्र पहिलीपासूनच कळत असते की, इतरांना जमते ते आपल्याला जमत नाही. निदानाला वय लागते, ‘तुझे कसे चालले आहे’ हे विचारायला लागत नाही.

हे विचारण्याची शास्त्रीय साधने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तयार झाली. युरोपातील तेरा देशांनी मिळून आठ ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी ‘किडस्क्रीन’ ही प्रश्नावली सिद्ध केली. दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांसाठी ‘डिसॅबकिड्स’ आली. अमेरिकेतील जेम्स वार्नी व त्यांच्या सहकाऱ्यांची ‘पेड्सक्यूएल’ ही प्रश्नावली जगभर सर्वाधिक वापरली जाणाऱ्यांपैकी आहे. तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण अशा साधनांचे बळ आणि त्यांची मर्यादा दोन्ही तिच्यात स्पष्ट दिसतात.

या प्रश्नावलीच्या मूळ आवृत्तीत २३ विधाने आहेत : शरीराविषयी आठ, भावनांविषयी पाच, इतर मुलांशी असलेल्या संबंधांविषयी पाच आणि शाळेविषयी पाच. गेल्या महिनाभरात ही अडचण कितपत आली, असे विचारले जाते. ‘कधीच नाही’ या उत्तरास १०० गुण, ‘जवळजवळ नेहमीच’ या उत्तरास शून्य, आणि मधल्या तीन उत्तरांस ७५, ५० व २५. सर्वांची सरासरी म्हणजे एकूण गुण. पाच वर्षांच्या मुलापासून ती विचारता येते. लहानांसाठी हसऱ्या, साध्या आणि रडव्या चेहऱ्यांची चित्रे असतात. पालकांसाठी हीच प्रश्नावली वेगळ्या प्रतीत असते.

आता हिशेब पाहा. आमच्या मुलांना शरीराचा आजार नसतो. ती धावतात, आंघोळ स्वतः करतात, जड पिशवी उचलतात. समजा, एका मुलास शारीरिक भागात पूर्ण १०० गुण मिळाले; भावनिक भागात ४५, सामाजिक भागात ५० आणि शालेय भागात ४५. तेवीस विधानांची सरासरी काढली तर ती ६५ येते. पासष्ट हा आकडा आपल्या मनात ‘प्रथम वर्ग’ असा वाजतो. प्रत्यक्षात त्या मुलाच्या मनाचे, मैत्रीचे आणि शाळेचे तिन्ही आकडे पन्नास किंवा त्याहून खाली आहेत. धडधाकट पायांनी सरासरी वर उचलली आहे. शालेय भागातही असेच घडते. त्यातील पाचपैकी दोन विधाने आजारपणामुळे किंवा दवाखान्यात जावे लागल्यामुळे बुडणाऱ्या शाळेविषयी आहेत. दमा किंवा थॅलेसेमिया असलेल्या मुलासाठी ती अत्यंत उचित आहेत. वाचता न येणाऱ्या मुलाची शाळा मात्र तापामुळे बुडत नाही. वर्गात लक्ष लागणे, गोष्टी आठवणीत राहणे आणि अभ्यासात इतरांबरोबर राहणे, या तिन्हींत त्याला शून्य मिळाले तरी उरलेल्या दोन विधानांचे पूर्ण गुण मिळून शालेय भागाची सरासरी ४० होते. म्हणून आमचा आग्रह असा की, एकूण गुण कागदाच्या तळाशी लिहावेत हवे तर, पण वाचायची ती विधाने एकेक करून. ‘मुले चिडवतात’ याला मिळालेला शून्य कोणत्याही सरासरीत विरघळू देता कामा नये.

दुसरी अडचण तर सांगताना हसू येईल अशी आहे. ज्या मुलाची अडचणच वाचन ही आहे, त्याच्या हाती दोन पानी छापील प्रश्नावली द्यायची आणि ‘वाचून खुणा कर’ म्हणायचे! जोडाक्षर आले, रफार आला की ते मूल अडखळते, ओळ सुटते, मग प्रश्न न वाचताच ते एका रांगेत खुणा करीत जाते आणि आपण त्या खुणांना मोजमाप म्हणतो. अशा मुलांना प्रश्न वाचून दाखविलेच पाहिजेत, तेही सावकाश, आणि पर्याय पुन्हा पुन्हा सांगून. आमच्या विभागात आम्ही टेबलावर काचेचे पाच पेले ठेवतो : एक रिकामा, एक काठोकाठ भरलेला, मधले तीन चढत्या पातळीचे. अडचण जितकी जास्त तितका पेला भरलेला. मूल बोट दाखविते. गणिताची अडचण असलेल्या मुलासही पाण्याची पातळी कळते.

भाषांतराविषयी दोन शब्द. अशी प्रश्नावली मूळ कर्त्यांच्या अनुमतीने मराठीत आणावी लागते, तिचे पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून पडताळावे लागते आणि मग प्रत्यक्ष मुलांना विचारून ती त्यांना कशी कळते ते पाहावे लागते. यातील शेवटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकन मुलाला एक ‘ब्लॉक’ चालणे म्हणजे किती, हे ठाऊक असते. आपल्याकडे ‘पुढच्या गल्लीपर्यंत’ म्हणावे लागते, आणि खेड्यात ‘देवळापर्यंत’. ‘उदास’ हा शब्द आठ वर्षांचे मूल वापरीत नाही. ते म्हणते, ‘मला कसंतरी होतं.’ ‘कंटाळा’ हा शब्द तर विलक्षण आहे. मराठी मूल करमत नाही म्हणून ‘कंटाळा आला’ म्हणते, दमले म्हणून म्हणते, आणि फळ्यासमोर उभे राहण्याची भीती वाटते तेव्हाही ‘शाळेचा कंटाळा येतो’ एवढेच म्हणते. मोठी माणसे त्याला आळस समजतात. विचारणाऱ्याने तेथे थांबून ‘म्हणजे काय होतं?’ असे विचारले, तर पोटात गोळा येतो, हात थरथरतात, बाईंनी नाव घेऊ नये म्हणून मान खाली घालतो, असे काहीतरी बाहेर येते. ‘गेल्या महिन्यात’ हेही मुलांना उमगत नाही. गणपतीपासून, सहामाहीपासून, आजी गावाहून आली तेव्हापासून, अशी त्यांची कालगणना. आणि दिवाळीच्या सुट्टीत विचारलेले उत्तर व प्रगतिपुस्तक मिळाल्यानंतर चार दिवसांनी विचारलेले उत्तर यांत महदंतर असते. म्हणून तारखेशेजारी शाळेच्या वेळापत्रकातील तो दिवस कोणता, हेही लिहून ठेवावे.

शिवाय सौजन्याची अडचण आहे. डॉक्टरांनी ‘कसा आहेस?’ म्हटले की ‘बरा आहे’ म्हणायचे, हे आपण मुलांना तिसऱ्या वर्षापासून शिकवितो. काही मुले सर्वच प्रश्नांना रिकामा पेला दाखवितात. हे शंभर गुण पाहून समाधान मानू नये. बहुधा शेजारी आई बसलेली असते. आई बाहेर गेली की तेच मूल दुसऱ्या पेल्याकडे पाहू लागते.

येथून आपण मुख्य प्रश्नाकडे येतो : विचारावे कोणाला?

मुलाला काय कळते, त्याच्याविषयी आम्हीच सांगतो, असे प्रेमाने म्हणणारे पालक आम्हांस रोज भेटतात. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. परंतु याविषयी पुरेसे संशोधन झालेले आहे. २००१ साली ब्रिटनमध्ये क्रिस्टीन आयझर व रेचल मोर्स यांनी दीर्घकालीन आजारांच्या मुलांविषयी जो व्यापक आढावा घेतला, त्यात असे दिसले की, डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींत, म्हणजे चालणे, खेळणे, शारीरिक लक्षणे यांत, पालक व मुले यांचे बऱ्यापैकी जुळते. न दिसणाऱ्या गोष्टींत, म्हणजे भावना व मैत्री यांत, कमी जुळते. आणि आमच्या मुलांची सगळी अडचण याच न दिसणाऱ्या प्रदेशात आहे.

त्याहून बोलके उदाहरण मेंदूच्या पक्षाघाताचे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीचे आहे. युरोपातील अनेक देशांत आठ ते बारा वर्षांच्या ८१८ मुलांचा अभ्यास झाला आणि तो २००७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५०० मुले स्वतः उत्तरे देऊ शकली. त्यांनी सांगितलेली जीवनाची प्रत सर्वसाधारण मुलांच्या प्रतीसारखीच होती; शाळेच्या बाबतीत तेवढे निश्चित सांगता आले नाही आणि शारीरिक स्वास्थ्याची तुलना करता आली नाही. चालता न येणारे मूल दुःखीच असले पाहिजे, हा धडधाकट माणसांचा समज त्या मुलांनी मोडीत काढला. याच अभ्यासात पालकांची उत्तरे मुलांच्या उत्तरांशी ताडून पाहिली, तेव्हा बहुतेक भागांत पालकांनी मुलांपेक्षा कमी गुण दिले होते, आणि ज्या पालकांवर संगोपनाचा ताण अधिक होता त्यांचे चित्र अधिक काळे होते. उलट, ज्या मुलांना तीव्र वेदना होत होत्या, त्यांच्या बाबतीत पालकांनी मुलांपेक्षा जास्त गुण दिल्याचे आढळले. म्हणजे पालकांची चूक एकाच बाजूला होते असे नाही. ते कधी नसलेले दुःख पाहतात आणि कधी असलेले दुःख त्यांना दिसत नाही.

म्हणून पालकांना विचारूच नये काय? अवश्य विचारावे. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अध्ययन-अक्षमता केंद्रातील डॉक्टरांनी नव्याने निदान झालेल्या मुलांच्या पालकांकडून अशी प्रश्नावली भरून घेतली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत मुलांच्या वागणुकीबरोबरच पालकांच्या मनावरील ताण आणि कुटुंबाच्या दैनंदिन व्यवहारावर आलेली बंधने यांतही मोठी घट दिसली. पुढे मुलांना स्वतःला विचारूनही अभ्यास झाला. दोन्ही कागद हवेत. मात्र दोन्हींची सरासरी काढू नये. दोहोंतील अंतर हीच आम्हांस मिळालेली सर्वांत मोलाची माहिती असते. दोन उदाहरणे सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

सहावीतील एक मुलगी. वाचन दोन इयत्ता मागे. आईच्या कागदावर शाळेचे गुण अगदी कमी, मैत्रीचे चांगले. मुलीचे नेमके उलट. शाळेत एक मैत्रीण होती, चित्रकलेच्या बाई चांगल्या होत्या, शाळा तिला सोसवत होती. इतर मुलांबरोबर खेळताना मागे पडते काय, या प्रश्नाला मात्र तिने काठोकाठ भरलेला पेला दाखविला. आईने हे ऐकून हाडे कच्ची असतील म्हणून कॅल्शियमची चौकशी केली. मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मी खाली जाते तेव्हा डाव संपलेला असतो.’ तिचा दिवस असा होता : सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, आठवड्यातून चार संध्याकाळी उपचारात्मक वर्ग, उरलेल्या दोन संध्याकाळी हस्ताक्षराचा वर्ग, रात्री गृहपाठ. आम्ही सुचविलेले, शिकवणीने सुचविलेले आणि शाळेने सुचविलेले, सारे चांगलेच. आणि या साऱ्या चांगुलपणाखाली खेळायची वेळ गाडली गेली होती. चारऐवजी दोन वर्ग केले, तेही शाळेला जोडून दुपारी. हस्ताक्षराचा वर्ग बंद झाला. सहा महिन्यांनी तिचा तो पेला अर्ध्यावर आला होता. वाचनाची गती मंदच, पण वाढत होती.

दुसरा मुलगा दहावीतील. सर्व सवलती मिळालेल्या : वाढीव वेळ, लेखनिक, स्वतंत्र खोली. सराव परीक्षेत गुण चांगलेच वाढले. वडिलांच्या कागदावर सर्वत्र सुधारणा. मुलाच्या कागदावर मैत्रीचा भाग सहा महिन्यांपूर्वीपेक्षा कितीतरी खाली. वर्गाने त्याचे नाव ‘सवलत’ ठेवले होते. परीक्षा संपली की मुले बाहेर घोळक्याने उत्तरे ताडून पाहतात, त्या घोळक्यात याला जागा नव्हती. हा वेगळ्या खोलीतून अर्ध्या तासाने बाहेर येई तेव्हा आवार रिकामे असे. ही तक्रार आपल्याला किरकोळ वाटेल. पंधराव्या वर्षी ती किरकोळ नसते. मुख्याध्यापकांशी बोलणे झाले, तेव्हा मुलाने स्वतःच सुचविले की, लेखनिक नको, वाढीव वेळ हवा, आणि बसायला सर्वांबरोबरच्या वर्गात शेवटचा बाक चालेल. यात काही गुण जातील हे त्याला सांगितले होते. त्याने ते मान्य केले. वडिलांना मान्य व्हायला तीन बैठका लागल्या.

याचा अर्थ सवलती वाईट असा कोणी कृपया घेऊ नये. त्या मिळविण्यासाठी पालकांनी आणि डॉक्टरांनी वर्षानुवर्षे खटपट केली आहे आणि त्यांच्यामुळे असंख्य मुले शाळा सोडण्यापासून वाचली आहेत. परंतु औषधाचा परिणाम आणि दुष्परिणाम दोन्ही पाहण्याची आम्हां वैद्यकीय माणसांना शिस्त असते. वर्ग, शिकवणी, सवलत यांनाही तीच शिस्त लावावी, इतकेच.

देणगीदारांसाठी एक स्पष्टीकरण आवश्यक वाटते. उपचारापूर्वी आणि उपचारानंतर गुण मोजले, गुण वाढले, म्हणून कार्यक्रम यशस्वी, असा निष्कर्ष आम्ही काढून देऊ अशी आपली अपेक्षा असेल, तर ती आम्ही पूर्ण करणार नाही. मुले आमच्याकडे केव्हा येतात? वार्षिक निकाल लागल्यावर, नापास झाल्यावर, शाळेने पालकांना बोलावून घेतल्यावर. म्हणजे आयुष्यातील सर्वांत वाईट आठवड्यात. सहा महिन्यांनी त्यांचे काही अंशी बरे चालणे हे आम्ही काहीही न करताही घडले असते. उलट, काही मुलांचे गुण निदानानंतर घसरतात, कारण पूर्वी ‘सगळे ठीक’ म्हणणाऱ्या मुलाला आता आपल्याला काय वाटते ते ओळखता आणि सांगता येऊ लागते. ती घसरण हे अपयश नव्हे. पेड्सक्यूएलच्या कर्त्यांनी स्वतःच सांगितले आहे की, एकूण गुणांत साधारण साडेचार गुणांहून कमी फरक पडला तर त्यास अर्थपूर्ण मानू नये. तेव्हा दोन-तीन गुणांच्या वाढीचे आलेख या अहवालात आपणांस दिसणार नाहीत.

मग हे मोजायचे कशासाठी? एकेका मुलासाठी. प्रश्न विचारला की उत्तराची जबाबदारी येते. मूल म्हणाले की मुले मारतात, तर त्याच आठवड्यात शाळेशी, मुलाच्या संमतीने, बोलणे व्हावे लागते. मूल म्हणाले की झोप लागत नाही, आपले पुढे काय होईल याची नेहमी भीती वाटते, तर बालमानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला पाठवावे लागते. आपण नसलो तर बरे, अशा अर्थाचे एखादे वाक्य आले, तर त्या मुलाला त्या दिवशी तसेच घरी पाठविता येत नाही. ज्या विभागाला हे पुढचे करता येणार नाही त्याने ही प्रश्नावली हाती घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भरलेले कागद कपाटात साठवून त्यांवर निबंध प्रसिद्ध करणे सोपे आहे; मुलाने मात्र आपल्याला कोणीतरी विचारले, आणि काहीच झाले नाही, एवढेच लक्षात ठेवलेले असते.

यासाठी आमच्या गरजा फार नाहीत. प्रत्येक मुलामागे सुमारे अर्धा तास. एक लहान खोली, जिचे दार लागते आणि जिच्यात आईवडिलांना नम्रपणे बाहेर बसविता येते. सध्या आमच्याकडे पडदा आहे, दार नाही. मालवणी, अहिराणी किंवा दखनी बोलणाऱ्या मुलांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारे स्वयंसेवक, ज्यांना आम्ही प्रशिक्षण देऊ. शाळांकडून प्रत्येकी एक शिक्षक, ज्यांना आम्ही दूरध्वनी केला असता ‘त्या मुलाचे काय करू?’ असे न विचारता ‘तो काय म्हणाला?’ असे विचारतील. विश्वस्त मंडळापुढे खोलीचा प्रस्ताव आम्ही ठेवला आहे आणि तळमजल्यावरील जुन्या नोंदणी कक्षाची पाहणीही झाली आहे. त्या खोलीला दार आहे, खिडकी मागच्या अंगणात उघडते, आणि पाच पेले ठेवण्यापुरते टेबल तेथे आधीपासूनच आहे.